दोन दारांची जागा

"एकच दार आहे. नाही चालणार," लेक म्हणाली आणि आईने हळूच नवऱ्याकडे पाहिलं.

सकाळपासून ही तिसरी जागा. नवऱ्याच्या कपाळावर आठी चढली होती आणि आठीनंतर काय चढतं, ते आईच्या बाहीखालच्या मनगटाला ठाऊक होतं. मुळात कॉलेजच्या फिल्मसाठी जागा दाखवायला तो तयार झाला, हेच नवल. तो घरांचा दलाल. रिकाम्या जागांच्या किल्ल्यांचा जुडगा कायम त्याच्या खिशात, घराची किल्लीही त्यातच. आई घरात असली तरी तो बाहेरून कुलूप लावूनच कामाला जायचा.

"फिल्म फसली तर कॉलेज बंद," त्याने बजावलं होतं. "नसते थेर पुरे झाले."

आता त्याने विचारलं, "दोन दारं कशाला लागतात गं?"

"बाबा, पात्र एका दारातून येतं, दुसऱ्यातून जातं. नाहीतर नाटक वाटतं. आमच्या सरांनाही अशी जागा सापडली नाही. शहरात तुम्हालाच माहीत असेल."

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. नवरा सरसर चढला.

त्याने एक बंद पडलेला छापखाना उघडला. पुढचं दार मोठ्या रस्त्यावर, मागचं अरुंद गल्लीत. लेकीने मागची कडी दोनदा काढून-लावून पाहिली.

"आवाज होत नाही. झकास!"

"बापाने निवडलीय," नवरा म्हणाला.

नट मिळाला नव्हता, म्हणून फिल्ममधल्या नवऱ्याचं काम त्यानेच करायचं होतं. पश्चात्ताप झालेला नवरा! आईला हसू आलं असतं, पण हसण्याची सवय मोडली होती. त्याने मात्र केसांवरून कंगवा फिरवला.

"भिंतीकडे तोंड करून उभे राहा," लेक म्हणाली. "मी 'कट' म्हणेपर्यंत हलायचं नाही. मान वळली की सगळं पहिल्यापासून."

"कळतं मला."

आईचं काम सोपं होतं. पिशवी उचलायची, मागच्या दाराने निघायचं, लेकीने फोन करून गल्लीच्या तोंडाशी बोलावलेल्या टॅक्सीत बसायचं. पिशवीत लेकीने खरेच कपडे भरले होते, औषधंसुद्धा. रिकामी पिशवी कॅमेऱ्याला लगेच कळते म्हणे.

"मला नाही जमणार गं," आई पुटपुटली. "माझ्यामुळे बिघडलं तर तुझं कॉलेज जाईल."

"तू फक्त चाल. मागे बघू नकोस."

लेकीने कॅमेरा तिकाटण्यावर बसवला. "ॲक्शन!"

आई चालली. एकटीने रस्त्यावर ती कधी चालली होती, ते तिला आठवेना. पाऊल चुकलं तर? पदर अडकला तर? तिने टॅक्सीचं दार उघडलं, आत बसली आणि देवाचं नाव घेत राहिली.

तेवढ्यात लेक धावत आली. हात रिकामे, चेहरा पांढराफटक. ती आईला खेटून बसली.

"चला काका, लवकर!"

टॅक्सी निघाली तशी आई घाबरून ओरडली, "अगं, 'कट' म्हणायचं राहिलं! ते तसेच उभे असतील."

"असू देत," लेक म्हणाली.