थेट शेतातून

बाईंनी टोपलीतलं गाजर उचलून नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. "अहाहा! याला म्हणतात मातीचा वास," त्या म्हणाल्या, आणि दुकानात कामाला असलेली ती फळीमागे बरण्या लावता लावता थांबली.

ती माती तिनेच सकाळी लावली होती. रोज लावायची. बाजारातून गाजरं स्वच्छ धुतलेली यायची. मागच्या मोरीत बादलीभर माती कालवायची, एकेक गाजर त्यात बुडवायचं आणि वर्तमानपत्रावर वाळत घालायचं, हे तिचं दुकान उघडण्याआधीचं काम. "धुतलेलं गाजर लोकांना सेंद्रिय वाटत नाही," असं मालकांचं म्हणणं. माती शेजारच्या इमारतीसाठी खणलेल्या खड्ड्यातली. दारावरच्या पाटीवर हिरव्या अक्षरांत 'थेट शेतातून' लिहिलेलं होतं. आजवर तिला याचं फारसं काही वाटलं नव्हतं. येणारी गिऱ्हाइकं गाडीतून उतरायची, गाजरांबरोबर फोटो काढायची. त्यांना थोडी माती चारली तर काय बिघडलं, असं म्हणून ती मोकळी व्हायची.

पण या तिच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाई होत्या.

पंधरा वर्षांनी दिसत होत्या. केस पार पिकले होते, चष्मा नाकावर ओढून बघायची तऱ्हा मात्र तीच. असल्या दुकानात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या, हे सांगायला नको होतं. प्रत्येक पाकीट त्या उत्तरपत्रिका तपासावी तसं वाचत होत्या. "सेंद्रिय मीठ?" त्यांनी मालकांना विचारलं. "मीठ कुठल्या झाडाला लागतं हो?"

ती फसकन हसली आणि तिथेच सापडली. बाईंनी वळून पाहिलं.

"अगं, तू! खिडकीकडचा पहिला बाक!"

"हो, बाई," ती म्हणाली. हात आपोआप पाठीमागे गेले. नखांत अजून माती होती.

"तू आहेस होय इथे! मग माझी काळजीच मिटली." बाई जवळ आल्या, आवाज खाली आला. "यांचं ऑपरेशन झालं गं महिन्यापूर्वी. आतड्याचं. अन्न बघवत नाही त्यांना. गाजराचा रस तेवढा घेतात, कच्चाच. डॉक्टर म्हणाले, जपा, फवारलेलं काही देऊ नका. चार ठिकाणी विचारत विचारत इथवर आले बघ. आता तूच निवडून दे. अर्धा किलो दे."

मालक गल्ल्यावर बसून कौतुकाने ऐकत होते.

ती टोपलीसमोर बसली. एक गाजर उचललं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. जणू त्यांत काही निवडण्यासारखं होतं.

"बाई, दोन-तीन पाण्यांनी धुवा हं. चांगली घासून."

"फवारणीच नाही तर एवढं काय घासायचं? जरा पाण्याखाली धरते आणि सालासकट घालते. सत्त्व सगळं सालात असतं. विसरलीस? मीच शिकवलं होतं."

ती विसरली नव्हती. त्या धड्यावर तिला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. मालकांची पाठ वळलेली पाहून ती पटकन पुटपुटली, "बाई, इथून नका घेऊ."

"का गं?"

मालकांनी मान वळवली. सगळं अगदी जिभेवर आलं होतं. बाहेर पडलं ते भलतंच.

"फार महाग पडतं इथे. तुम्हाला नाही परवडायचं."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनीही बाईंच्या साडीकडे, मग पायांतल्या चपलांकडे पाहिलं. बाईंचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"मला पेन्शन आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "दोन किलो दे."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दोन किलो तोलले, पिशवीत भरले. बाई तिच्याकडे न बघता बाहेर पडल्या.

"काय गं, गिऱ्हाईक हाकलतेस?" मालक म्हणाले. "नशीब, दुप्पट-चौपट घेऊन गेल्या."

"चष्म्याचं घर राहिलं त्यांचं," ती म्हणाली आणि रिकाम्या हातांनीच धावत सुटली. आता सांगायचंच. नोकरी गेली तर गेली.

बाई बस थांब्यावर उभ्या होत्या, पिशवी या हातातून त्या हातात घेत. बस वळणावर दिसत होती.

"बाई, मी मघाशी..."

"असू दे गं."

"नाही बाई, ऐका ना..."

"मला लागलं, खोटं कशाला बोलू? चारचौघांत म्हणालीस." बाईंनी मोकळ्या हाताने तिचा खांदा धरला. "पण इथे उभी राहिल्यावर वाटलं, मालकाच्या डोळ्यांदेखत, नोकरीची पर्वा न करता, महाग आहे, घेऊ नका म्हणून कोण सांगतं गिऱ्हाइकाला? माझीच मुलगी सांगेल. यांना घरी गेल्यावर पहिलं हेच सांगणार आहे. ऐकून दोन घोट जास्त घेतील बघ."

तिने बाईंच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. कौतुक ऐकायचं तर आत्ताच, या शब्दांत, आणि बाईंच्या तोंडून! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

बस थांबली. बाई दांडा धरून कष्टाने दोन पायऱ्या चढल्या, वळल्या आणि हात खाली केला.

"पिशवी दे गं वर."

तिने दिली.