वरची माती

रोन नदीकाठच्या त्या उभ्या डोंगरावरच्या द्राक्षमळ्यांचा रिवाजच होता. बर्फ वितळताना वरच्या मळ्यातली माती खाली घसरली, की वरच्याने ती पाठीवरच्या टोपलीतून परत न्यायची आणि खालच्याने हूं की चूं करायचं नाही. वरचा सेराफिन मात्र आपली माती नेता नेता खालच्या ओदिलच्या मातीच्याही चार टोपल्या उचलायचा.

यंदा ओदिलनेच त्याला जागा दाखवली. "अहो, वरवर काय खरवडताय? या मेलेल्या वेलींच्या ओळीत बघा. तुमचीच आहे सगळी, खोल मुरलीय."

सेराफिनला तेच हवं होतं. दिवसभर तो खणत राहिला, वाहत राहिला, आड येणारी मुळंसुद्धा उपटून बाजूला टाकली. शेवटची टोपली नेताना पठ्ठ्या गालातल्या गालात हसत होता.

बांधावरून बघणारी ओदिलची जाऊ उखडली. "अगं, दिवसाढवळ्या लुटतोय तो तुला!"

"माती ना? पुढच्या वर्षी बर्फ आणून देईल परत." ओदिल त्या गुडघाभर खोल चरात शेणखत पसरू लागली. "पण नव्या वेलींसाठी चर खणणारा फुकटचा गडी मिळतो का कुठे? ती कलमं दे इकडे."