तलवारीची शपथ

पडद्याच्या तळाशी संवादांची हिंदी अक्षरं उमटली आणि मुश्ताकभाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

त्यांच्या मुलीने, नाझियाने, मोठ्या हौसेने ही डीव्हीडी शोधून आणली होती. तलवारी आणि जादूटोण्याचा हा इंग्रजी सिनेमा मुश्ताकभाईंनी एकेकाळी टेपवर दुबईहून आणला होता. पुठ्ठ्याचे डोंगर, रबरी अजगर, चिकटवलेली दाढी सावरत मंत्र म्हणणारा जादूगार. तिथल्या नोकरीतून दर दोन वर्षांनी मिळणाऱ्या सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी ती टेप लागायची म्हणजे लागायचीच. पनवेलचा अख्खा मोहल्ला घरात दाटीवाटीने बसायचा. मुश्ताकभाई टीव्हीशेजारी उभे राहून एकेक संवाद मराठीत सांगायचे आणि अजगर आला की मोठी माणसंही पाय वर घ्यायची. त्या संध्याकाळी राजा कोण, हे वेगळं सांगायला नको.

खरी गोष्ट एवढीच की त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अठरा वर्षं दुबईच्या बेकरीत पाव भाजताना ते फक्त मल्याळम शिकले होते. सगळे संवाद त्यांच्या मनचे.

निरोपाचा प्रसंग आला. घोड्यावरचा राजपुत्र राजकन्येकडे वळला. मुश्ताकभाई माघार घेणाऱ्यांतले नव्हते. ते उभे राहिले आणि त्यांनी आवाज चढवला. "दोन वर्षं कळ काढ. तुझ्यावाचून मला घास गोड लागत नाही. या तलवारीची शपथ, मी परत येईन."

आठ वर्षांची नात यूम्ना खालची अक्षरं वाचत होती. "नाना, तो तर म्हणतोय, घोड्याला पाणी पाजा."

माझ्या अब्बांना इंग्रजी येतं, असं नाझिया शाळेत असताना सगळ्यांना सांगत फिरायची. ती बापाकडे बघत राहिली. मुश्ताकभाई मटकन खाली बसले. त्यांना मान वर करवेना.

दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या हव्वाबी उठल्या. त्यांनी रिमोट घेतला, अक्षरं बंद केली आणि प्रसंग मागे नेला.

"मॅट्रिकला इंग्रजीत मी वर्गात पहिली होते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ते घोड्याचं पाणी मला पहिल्या दिवसापासून कळतंय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलू कशाला? दर वेळी टेप बघायला मोहल्ला मीच गोळा करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुबईला निघताना तर तुम्ही मला फक्त पासपोर्ट कुठे ठेवलाय ते विचारायचात."