पक्की आठवण

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून महिपतीआबांच्या डोक्यात काही टिकत नव्हतं. सोमाटण्याचे डॉक्टर त्यांच्या मुलाला, अतुलला, म्हणाले होते, "एकच गोष्ट रोज बोलून घ्या. त्यानं मेंदूतल्या पेशींची जोडणी घट्ट होत जाते. मग ती आठवण सहजासहजी पुसली जात नाही."

अतुलनं महिनाभर एक दिवस चुकवला नाही. रोज सकाळी आबांच्या हातात चहाचा कप द्यायचा आणि समोर बसायचा.

"आबा, आई कशी गेली?"

सुरुवातीला आबा नुसते बघत राहायचे. पुढं पुढं रडायला लागले. आज मात्र ते न अडखळता बोलले.

"धुणं धुताना पाय घसरला तिचा. हिरीत पडली."

"आन तवा मी कुटं होतो?"

"तू कंपनीत गेलतास."

"शाब्बास, आबा." अतुलनं त्यांच्या हनुवटीवर ओघळलेला चहा पुसला.



तेवढ्यात विहिरीवरून धुण्याची बादली घेऊन अतुलची आई अंगणात आली आणि म्हणाली, "तुंगार्लीच्या त्या बंगलेवाल्याला सांग, मी जित्ती हाय तवर जमीन इकायच्या कागदावर माजी सई व्हायची न्हाई."