ढाल न धरता

पंचविशीतली अंबिका जशी खेळायची तशीच खेळणारी तिची प्रतिकृती खेळाच्या यंत्राने जपून ठेवली होती, आणि पन्नाशीची अंबिका पडद्यावरच्या लढतीत तिच्याकडून रोज हरत होती. आता हा खेळ आपला राहिला नाही, असंच तिला वाटू लागलं होतं.

"आई, पडून उठलीस की तू लगेच ढाल धरतेस," तिची लेक शाल्मली म्हणाली. "तिला ते ठाऊक आहे. ती सरळ ढालीसकट कवेत धरून आपटते."

"अगं, पण ढाल नाही धरली तर मार बसेल!"

"बसू दे की एकदा."

पुढच्या वेळी अंबिका पडून उठली, पण ढाल तिने उचललीच नाही. प्रतिकृती नेहमीसारखी कवेत धरायला झेपावली, तोच अंबिकेने सणसणीत ठोसा हाणला. प्रतिकृती आडवी झाली ती उठलीच नाही.

"हा डाव तिला शिकवून ठेवू?" शाल्मलीने विचारलं.

"नको," अंबिका हसली. "तिला म्हणावं, आधी पन्नाशीची हो."