सुतकातला खुबा

थोरल्या नातीचं बारसं झालं त्या साली हौसाबाईंच्या दोन्ही खुब्यांत जिवंत कूर्चा पेरली. पूर्वी झिजलेला सांधा कापून धातूचा बसवत; आता आपलं हाड आपल्यापाशीच राहायचं. अट एकच होती. वर्षभर रोज चालायचं. चालणं थांबलं, तर त्या कूर्चेचं हाड व्हायचं.

हौसाबाई हौसेनं चालत होत्या. दिवाळीनंतर नवरा वारला आणि नणंदेनं, कोंडाबाईंनी, त्यांना रीतीप्रमाणे माजघराच्या कोपऱ्यात बसवलं. तिसऱ्या दिवशी त्या भिंत धरून उठू लागल्या.

"कुठं निघालीस?"

"अंगणात दोन फेऱ्या मारते, वन्सं. खुबं धरायला लागल्यात."

"माझ्या भावाची राख अजून निवली न्हाई, आन् तुला फिराया जायचंय? लोक तोंडात शेण घालतील. दहावं होईस्तोवर कोपरा सोडायचा न्हाई."

"डॉक्टरांनी बजावलंय हो. हाड हुतंय म्हणं."

"आमी न्हाई बसलो व्हय कोपऱ्यात? आमचं काय झालं?"

भेटायला आलेल्या बायांनी माना डोलावल्या. हौसाबाईंनी लेकाकडं पाहिलं. तो उठून बाहेर गेला. त्या पुन्हा मांडी घालून बसल्या. पुढं दुखणंच थांबलं, तेव्हा कोंडाबाई म्हणाल्या, "बघ, देवानं ऐकलं."

दहाव्याला बाया त्यांना उठवायला गेल्या, तर मांडी सुटेना. डॉक्टरांनी तपासून हात टेकले. कापून मोकळा करायला सांधाच उरला नव्हता.

हौसाबाई पुढल्या भाद्रपदात, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी वारल्या. त्यांना बसवूनच चितेवर ठेवावं लागलं.