बाहेर गेलेल्या रेकॉर्ड

खोक्यातल्या रेकॉर्डच्या कव्हरांच्या वरच्या कडेवर धूळ नव्हती. लायब्ररीच्या नव्या साहेबांनी शेजारच्या खोक्यावरून एक बोट फिरवलं, ते राखाडी झालं. या खोक्यावरून दुसरं फिरवलं, ते स्वच्छ निघालं. दोन्ही बोटं शेजारी धरून त्यांनी नीट पाहिली आणि मग ग्रंथपालबाईंकडे पाहिलं.

“मॅडम, नामवंत मंडळी धूळ खातायत, आणि ज्यांचं नाव कुणाच्या गावी नाही ते घरोघर फिरतायत. हा काय चमत्कार?”

खोक्यात अमेरिकेतलं संगीत होतं: फंक होतं, सोल होतं, कृष्णवर्णीय कलावंतांचं रॉक होतं. त्यातल्या गाजलेल्या रेकॉर्ड नव्हेत. कंपनीनं काढल्या आणि स्वतःच विसरून गेली, अशा. गिटार नुसती पेटलेली, पण कव्हरवरचा काळा चेहरा पाहून दुकानदारानं भलत्याच खणात टाकल्या, म्हणून हव्या त्या माणसाच्या हाती कधी लागल्याच नाहीत, अशा. लायब्ररीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या कोपऱ्यात त्या उभ्या होत्या. नियम सरळ होता. वर्षभरात जी रेकॉर्ड कुणी एकदाही घरी नेत नाही, ती मोडीत जाते.

ग्रंथपालबाईंनी त्यावर तितकाच सरळ उपाय काढला होता. रेकॉर्ड स्वतःच घरी न्यायच्या. त्यांचं कार्ड पुरेना, तेव्हा नवऱ्याचं घेतलं. मग नणंदेचं. शेवटी सासूबाईंचं. नवऱ्यानं हात टेकले. सासूबाई मात्र म्हणाल्या, “अगं, माझ्या नावावर काय काय आणतेस, ते मला ऐकव तरी.” आणि एक दुपारभर कान देऊन ऐकल्यावर म्हणाल्या, “ही गिटारवाली चिडलीय. पण चिडून तिचा सूर ढळत नाही बघ.” तेव्हापासून कव्हरवरची लांब कोटातली ती गिटारवाली त्यांची लाडकी झाली. एका कार्डावरून दुसऱ्या कार्डावर जायची, पण त्यांच्या कपाटातून हलायची नाही.

खरं तर बाईंना वेगळंच करायचं होतं. दाराशी एक टेबल, त्यावर प्लेअर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘जरा थांबा, हे ऐका’ म्हणायचं. दरवर्षी त्या ठरवायच्या आणि दरवर्षी पुढे ढकलायच्या. टेबल कोण देणार, लोक आवाजाची तक्रार करतील, अशी कारणं स्वतःलाच पुरवायच्या.

“चमत्कार कसला, साहेब. माझ्याच घरी जातात.”

साहेब हसले. “ते आलंच माझ्या लक्षात. अहो, ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड तुमच्या सासूबाईंचं, आणि त्यावर फंक! पण घाबरू नका. आकडे चांगले दिसतात, मला तेवढंच हवं. वरून कुणी विचारलं तर म्हणू, वाचकांची आवड.”

एवढ्यात टोपी काखेत मारून बस चालवणारी बाई आत आली. गणवेश अंगावरच होता.

“ताई, आली का ती? कोटातली?”

ग्रंथपालबाईंनी संगणकाकडे पाहिलं. पाहायची गरज नव्हती. “बाहेर गेलीय.”

“पुन्हा? मागच्या खेपेला बाहेर, त्याच्या मागच्या खेपेलाही बाहेर. कोण हो हा हावरा? सांगा त्याला, म्हणावं, दुसऱ्यांनाही कान असतात.” ती काउंटरवर रेलली. “डेपोत रेडिओवर लागलं होतं हिचं गाणं. अर्धं झालं आणि माझी बस सोडायची वेळ झाली. राहिलेलं अर्धं अजून माझ्या डोक्यात अडकून बसलंय. ना पुढे जातं, ना खाली उतरतं.”

साहेब मदतीला धावले. “आली की कळवू हं तुम्हाला. चांगल्या गोष्टीला मागणी असायचीच.” आणि ग्रंथपालबाईंकडे पाहून त्यांनी हळूच डोळा मिचकावला.

बाईनं टोपी डोक्यावर चढवली आणि ती वळली.

ती रेकॉर्ड या क्षणी सासूबाईंच्या कपाटात होती. मऊ कापडात गुंडाळलेली. एक ओरखडा नाही. इतकी जपलेली, की जिला ती हवी होती तिलाही ती मिळू नये. ग्रंथपालबाईंचं टेबलावाचून कधीच अडलं नव्हतं. रेकॉर्ड दाराशी मांडल्या आणि लोक न थांबता निघून गेले तर, या भीतीनं अडलं होतं. रेकॉर्ड घरी असेपर्यंत त्यांना कुणी ‘नको’ म्हणू शकत नव्हतं.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “रेकॉर्ड माझ्या घरी आहे. उद्या सकाळी इथे असेल. तुमच्यासाठी.”

बाई दारातून परत आली. “म्हणजे तो हावरा तुम्हीच?”

“मीच. आणि माझ्या सासूबाई.”

साहेबांनी आवाज खाली आणला. “मॅडम, जरा सबुरीनं. घरी नेणं बंद केलंत, की वर्षअखेर हा खोका माझ्यापुढे येणार, आणि मोडीत काढायची सही मलाच करावी लागणार. तुमच्याकडे सुरक्षित आहेत ना? मग झालं तर! चाललंय ते चालू द्या की.”

इतकी वर्षं ग्रंथपालबाई इथे दबक्या आवाजातच बोलत आल्या होत्या. आता त्या बोलल्या, तेव्हा वाचनकक्षातल्या टेबलांवरच्या माना वर झाल्या.

“उद्यापासून एकही रेकॉर्ड माझ्या घरी जाणार नाही, साहेब. दाराशी टेबल लावतेय मी. तिथे या रेकॉर्ड वाजवणार. येईल त्याला थांबवून ऐकवणार. कुणालाच नको असतील, तर खुशाल करा सही. पण आधी ऐकावं लागेल. तुम्हालासुद्धा.”